गिरजामाय शीव चालली तेव्हा

“चपला घालूनच चालीन मी,” गिरजामाय म्हणाली. “आन् डोक्यावर माती घेणार न्हाई.”

ग्रामपंचायतीच्या खोलीत दोन गावांची मिळून वीस-बावीस माणसं बसली होती. आमच्या बोरवंडीची भिंतीला टेकून, उमरटाकळीची खिडकीकडं. मधल्या टेबलावर जुना नकाशा पसरलेला. तो पंख्यानं उडू नये म्हणून नायब तहसीलदार बिडवईसाहेबांनी त्याच्या चार कोपऱ्यांवर चष्म्याचं घर, तांब्या, शिक्का आणि माझी जपमाळेची पिशवी ठेवली होती. पिशवी त्यांनी मला विचारूनच घेतली. गिरजामाय दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

उमरटाकळीचे सरपंच माणिकराव हसले. “गिरजाआत्या, शीव चालणारा अनवाणी चालतो. बापजाद्यापासून तसंच आलंय.”

“बापजाद्याला गावात चपला घालू देत नव्हते, म्हणून अनवाणी चालायचे. मला हायेत चपला.”

बिडवईसाहेबांनी खाली मान घालून कागद सारखे केले. त्यांना हसू आलं होतं, ते दाखवायचं नव्हतं.

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा बोरवंडीची सरपंच होते. जागा बायकांसाठी राखीव झाली आणि गावानं मला बसवलं. मी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही, हेच माझ्या बाजूचं मोठं कारण असावं. त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला, उमरटाकळीचा जुन्यात राहिला. त्यामुळं जी नुसती दोन गावांची शीव होती, जिथं बोरीबाभळी आणि चरायला सोडलेल्या शेळ्या यांच्याशिवाय काही नव्हतं, ती एका दिवसात दोन जिल्ह्यांची शीव झाली. अलीकडं एक कलेक्टर, पलीकडं दुसरा.

त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण शिवेवरच्या पडीक रानात ओढ्याकाठी एक झरा होता. भर वैशाखातही आटत नसे. आमच्या नळयोजनेची विहीर तिथंच घ्यायची ठरली होती. पाणी बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी दगडावर चुन्याची फुलीही मारून ठेवली होती. आता जिल्हे वेगळे झाल्यावर साहेबांनी स्पष्टच सांगितलं, की झरा बोरवंडीच्या शिवेत असेल तरच मंजुरी राहील, दुसऱ्या जिल्ह्याच्या जमिनीत आम्हाला विहीर खणता येणार नाही. आणि उमरटाकळीलाही तो झरा हवाच होता. नकाशा बघावा, तर नेमका तो कोपरा घडीवर झिजून गेलेला. तिथं बोट ठेवलं की बोटाला खालचं टेबल लागायचं.

मग म्हाताऱ्या माणसांना जुनी रीत आठवली. दोन गावांचं शिवेवरून जमेनासं झालं की महारवाड्यातल्या शीव राखणाऱ्या घरातलं माणूस बोलवायचं. त्यानं डोक्यावर माती घेऊन, अनवाणी, तोंडातून शब्द न काढता चालायचं. ते जाईल ती शीव. दोन्ही गावांनी मागून चालायचं आणि मान्य करायचं. उमरटाकळीत तसलं घर गिरजामायच्या वडिलांचं, बोरवंडीत तिच्या सासऱ्याचं. दोन्ही घरांतली पोरं पुण्याला, नाशिकला गेलेली. सासऱ्याच्या मागून ती वाट चाललेली अशी ती एकटीच उरली होती. ते म्हणत, लेक आमची. आम्ही म्हणत होतो, सून आमची. दोघांनाही ती आपलीच वाटत होती, म्हणून दोघंही कबूल झाले.

“मग तुमचं म्हणणं काय, बाई?” बिडवईसाहेबांनी विचारलं.

“आमच्या सासऱ्यानं गावकीची कामं सोडली ती बाबासाहेबांच्या सांगण्यानं. त्या दिवसापून आमच्यातलं कुणी गावाच्या बोलावण्यावर गेलं न्हाई. मीबी गावाची म्हणून चालणार न्हाई. साक्षीदार म्हणून चालीन. कागदावर नाव पायजे माझं. गिरजाबाई गणपत खिल्लारे. वय लिहा सत्तर-बहात्तर, काय वाटंल ते.”

“लिहितो. अजून?”

“अजून एक. जुन्यातलं तेवढं ऱ्हाऊ द्या. चालणाऱ्याच्या पुढं कुणी चालायचं न्हाई. साहेबसुदिक.”

“मंजूर,” साहेब म्हणाले. “परवा सकाळी सात वाजता.”

बैठक उठल्यावर आमचे उपसरपंच व्यंकटराव माझ्यासोबत मारुतीच्या पारापर्यंत आले. माणूस वाईट नव्हता. गावासाठी धावायचा, पण धावताना पायाखाली काय येतंय ते बघायचा नाही.

“अक्का, उद्या एकदा तिच्याकडं जाऊन या,” ते म्हणाले. “बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं.”

“काय सांगू?”

“मी कशाला सांगू? तुम्ही रोज पोथी वाचता. तुम्हाला शब्द सापडतील.”

ते बोलले ते खरं होतं. शब्द मला सापडत होते, हीच तर पंचाईत. सरपंच झाले त्या दिवशी याच पारावर, गावासमोर, मी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला होता, की गावात नळाला पाणी येईपर्यंत मी एकभुक्त राहीन. चौदा महिने मी दिवसातून एकदाच जेवत होते. सोमवार, एकादशी, चतुर्थी तर माझ्या लग्नाआधीपासूनच्या. गावातल्या बाया मला बघून पदर सावरायच्या, म्हाताऱ्या पाया पडायला यायच्या. आणि त्याच बाया पहाटेपासून दोन कोसांवरच्या रंगनाथच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायच्या. आमच्या घरी पाणी बैलगाडीवरच्या टिपाडातून यायचं, गडी आणायचा. मी तोवर एक कळशीसुद्धा डोक्यावरून आणलेली नव्हती. हे मला तेव्हा कधी खटकलं नव्हतं. मला वाटायचं, मी उपाशी राहते आहे ना.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी ट्रंकेतून कोरं इरकली लुगडं काढलं, पदराखाली धरलं आणि वस्तीत गेले. वाटेत मला सारखं वाटत होतं, की मी देवाच्याच कामाला निघाले आहे.

गिरजामाय ओसरीवर चिंचा फोडत होती. मला बघून तिनं बाजूचं पोतं झटकलं आणि माझ्याकडं सरकवलं. “या बाई. बसून बोलायचंय का उभ्यानं?”

मी पोत्यावर टेकले.

“पदराखाली काय आणलंय?”

“लुगडं आहे. तुमच्यासाठी.”

“मी तर अजून मेले न्हाई.”

ती हसली, तेव्हा मलाही हसावं लागलं. मग मी हळू आवाजात सुरुवात केली. बोलले ते सारं अजून पाठ आहे, कारण नंतर किती दिवस मी ते मनात पुसत होते.

“उद्या हिवराच्या झाडापर्यंत सगळ्यांनाच वाट ठाऊक आहे. तिथून पुढंच घोळ आहे. तिथून तुम्ही सरळ ओढ्यावर गेलात, तर झरा आपल्याकडं येतो. गावाला पाणी मिळेल, गिरजामाय. पुण्याचं काम आहे.”

“सरळ गेलं तर, म्हणता.”

“हो.”

“आन् शीव तशी हाय का?”

“ते तुम्हालाच माहीत.”

“मग ज्याला माहीत हाय त्याला सांगाया कामून आला?”

तेवढ्यात तिची सून शीला पाणी घेऊन आली. डोक्यावर दोन घागरी, एकीवर एक. सहावा महिना चालू होता पोरीला. तिनं घागरी उतरवल्या, भिंतीला हात लावून थोडा वेळ नुसती उभी राहिली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. नवरा पुण्याला बांधकामावर. घरात या दोघीच.

माझ्या मांडीवरचं लुगडं बघून तिला काय ते कळलं. “मामी,” ती म्हणाली, “सरळच जा की उद्या. कोण बघतंय?”

“साठ माणसं बघत्याल. तू पाणी पी आधी.”

शीला आत गेली. गिरजामाय पुन्हा चिंच फोडायला लागली. “तुमी एक टाइम जेवता म्हणं, बाई?”

“हो. पाणी येईपर्यंत संकल्प आहे.”

“आमच्या वस्तीत लई जण जेवत्यात तसं. नेम न धरता.”

टोमणा होता, पण तिनं तो इतक्या साधेपणानं टाकला की मला राग यायला वाव राहिला नाही. तिनं लुगडं उचललं, त्याची घडी नीट केली आणि परत माझ्या हातात दिलं.

“हे ठिवा. आन् तुमी हितं आला व्हता ते मी कुणाला सांगणार न्हाई.”

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं निरांजन लावलं, पोथी उघडली. ओळी डोळ्यांखालून जात राहिल्या. आतून एक आशा मात्र जात नव्हती. ती नाही म्हणाली नव्हती. सून आहे, पोटुशी आहे, रोज दोन कोस चालते. उद्या सरळच जाईल, असं मला वाटत राहिलं.

सकाळी, तीन गावांच्या शिवा मिळतात त्या सामाईक दगडापाशी सारे जमले. साहेब, त्यांचा चुन्याची पाटी घेतलेला माणूस, आमची तीस-पस्तीस, त्यांची तेवढीच. गिरजामाय धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यात आली होती. पायात मुलाच्या जुन्या चपला, दोन बोटं मोठ्या. चालताना त्या फटफट वाजत. तिनं दगडाला हात लावला, एकवार सगळ्यांकडं बघितलं आणि चालायला लागली.

आम्ही मागून. माणिकराव, व्यंकटराव, पाटील, साहेब, आम्ही सगळे. सुरुवातीला एक-दोघांनी सवयीनं पुढं पाऊल टाकलं. ती थांबली. वळून काही बोलली नाही, नुसती थांबून राहिली. ते मागं आले, मग ती निघाली.

ती चालत होती ते बघण्यासारखं होतं. म्हातारं माणूस पायाखाली बघून चालतं, तशी ती चालत नव्हती. लांबवर एखाद्या झाडाच्या शेंड्यावर नजर लावायची, ते आलं की दुसऱ्या. मधेच वाकून गवत बाजूला करायची, तिथं पुरलेल्या दगडाचं डोकं दिसायचं; चुनेवाला त्यावर चुना टाकायचा. असे सात दगड तिनं दाखवले. सातही तिथंच होते. व्यंकटरावांच्या चुलतभावाच्या शेताशी आली तर तिनं बांध ओलांडला आणि आमच्या बाजूला, शेतात चार पावलं आत उभी राहिली. तिथलं गवत सारलं, तर आठवा दगड.

“अरे,” उमरटाकळीचं कुणीतरी म्हणालं, “बोरवंडीचा बांध चालायलाही लागला का?”

लोक हसले. चुलतभाऊ खाली मान घालून खिशातल्या शेंगा खायला लागला. आमच्या गावच्या चार पावलांचं नुकसान झालं होतं, पण तेव्हा आम्ही पण हसलो. चार पावलांचं कुणाला काय.

हिवराच्या झाडाखाली ती थांबली. समोर, अडीचशे-तीनशे पावलांवर, ओढ्याकाठचा खडक दिसत होता आणि त्यावरची चुन्याची फुली. ती सरळ गेली तर झरा आमचा. झाडापासून डावीकडं, टेंभीच्या टेकडीच्या चढाकडं वळली तर झरा त्यांचा. मी हातातल्या पिशवीत माळ चाचपत होते. नाम घेत होते, पण नामाच्या आत मागणं होतं. सरळ जाऊ दे, सरळ जाऊ दे.

तिनं तोंडावरून पदर फिरवला. आणि डावीकडं वळली.

टेंभीच्या माथ्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही. या टप्प्यात पुरलेला दगड एकही नव्हता, फक्त ती चालत होती, तेवढंच. माथ्यावर जाऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, “हितं माझी साक्ष संपली.”

उमरटाकळीवाले गप्प होते. आनंद दाखवायलाही माणूस थोडा वेळ घेतो. आमच्याकडून व्यंकटरावांचा आवाज आला.

“साहेब, हे आम्हाला मान्य नाही. वरच्या सात-आठ ठिकाणी दगड निघाले, इथं कुठाय दगड? माहेर ओढलं हिला. विचारा, काय मिळालं तिकडून.”

गिरजामायनं त्यांच्याकडं बघितलं. चढानं तिला धाप लागली होती.

“सांग की,” मागून आमच्यातलाच एकजण. “भाऊबंदांनी काय चोळीबांगडी केली?”

साहेबांनी हात वर केला आणि माझ्याकडं वळले. “सरपंचबाई, दोन्ही सह्या झाल्या तर आज निकाल. तुमची हरकत असेल तर सही करू नका. प्रकरण वर जाईल, ही साक्ष बाद होईल, नव्यानं मोजणी होईल. वर्ष जाईल, दोन जातील. पण काय सांगावं, निकाल तुमच्या बाजूनंही लागेल.”

“सही करू नका, अक्का,” व्यंकटराव म्हणाले. “तुमच्या एका सहीनं गावाचं पाणी जाईल.”

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. सही केली नाही तर झऱ्याची आशा राहत होती, आणि माझा संकल्पही. फक्त एवढंच होणार होतं, की गिरजामाय माहेराला विकली गेली हे दोन्ही गावांत कायमचं लिहिलं जाणार होतं. आणि ती विकली जाणारी बाई नाही हे त्या साठ माणसांत मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. ती सांगणार नव्हती. तिनं तसा शब्द दिला होता.

“तिकडून नाही,” मी म्हणाले. “इकडून मी गेले होते. काल. लुगडं घेऊन.”

“बाई, जरा मोठ्यानं,” साहेब म्हणाले. “मागच्यांना ऐकू जात नाहीये.”

जन्मात मी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. तेच वाक्य मला दुसऱ्यांदा, टेंभीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्यांनाही कळेल असं म्हणावं लागलं. “काल मी हिच्या घरी लुगडं घेऊन गेले होते. सरळ जा म्हणून सांगायला. हिनं लुगडं घेतलं नाही.”

व्यंकटरावांनी मान फिरवली. आमच्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जमीन आत घेईल तर बरं. तेवढ्यात उमरटाकळीच्या बाजूनं एका म्हाताऱ्याचा आवाज आला. तो माणिकरावांचा चुलता होता.

“माणिक, आता तूबी बोल की रे.”

“काय बोलू, नाना?”

“आपलं लुगडं परवा परत आलं ते.”

आधी कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. मग दोन्ही गावं हसली, साहेबांचा चुनेवालासुद्धा. माणिकराव फेट्याशी चाळा करत म्हणाले, “आत्या आहे आमची. माहेरचं म्हणून पाठवलं होतं. त्यात काय एवढं?”

“दोन लुगडी हातची गेली,” गिरजामाय म्हणाली. “आता लवकर लिहा साहेब, ऊन चढाया लागलं.”

मी सही केली. माणिकरावांनी केली. साहेबांनी पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. शीव दाखवणार, गिरजाबाई खिल्लारे, असं आलं तेव्हा तिनं थांबवलं. “गणपत ऱ्हायलं.” साहेबांनी वर बारीक अक्षरात गणपत घातलं आणि पुन्हा वाचलं. तिनं मान हलवली.

आमची माणसं ट्रॅक्टरनं निघून गेली. मला कुणी चल म्हटलं नाही. टेंभीवरून आम्ही दोघीच उतरलो. बराच वेळ तिच्या चपलांचा आवाज तेवढा होता.

“गिरजामाय,” शेवटी मी विचारलं, “त्या टप्प्यात दगड नव्हता. सरळ गेला असतात तर कुणाला कळलं नसतं. दोन्ही गावांनी तुमचं कधी काय भलं केलं? मग का?”

बाभळीच्या सावलीत ती थांबली, एक चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला.

“माझा सासरा चालायचा तवा मी भाकरी घेऊन मागनं जायची. एरवी त्याची सावली पडली तर लोक आंग चोरायचे. हिरीवर गेला तर वरनं कुणी वतील तेवढं वंजळीत घ्यायचं. पण शीव चालायची म्हटलं की पाटील, देशमुख, सारे त्याच्या मागनं चालायचे, आन् तो जाईल ते खरं. बाई, आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं कुणाला. आमचा शब्द चालायचा. तेवढंच व्हतं आमच्याजवळ. सासऱ्यानं गावकी सोडली, भाकर सोडली, सारं सोडलं; हे सोडलं न्हाई. मी कसं सोडू?”

तिनं चप्पल पायात घातली आणि आम्ही चालायला लागलो.

पुढचं थोडक्यात सांगते. सहा महिन्यांत माझ्यावर अविश्वास ठराव आला आणि मी त्या खुर्चीवरून उतरले. व्यंकटराव सरपंच झाले. त्यांनी खूप धावपळ केली आणि दोन वर्षांनी गावाच्या वरच्या अंगाला माळावर पाणी लागलं. नळ आले, नारळ त्यांनी फोडला, मला बोलावलं होतं. त्या दिवशी मी संध्याकाळी जेवले. जिल्ह्याच्या नव्या नकाशात ती शीव आहे. टेंभीपाशी रेघ डावीकडं वळते. पण मला सांगायचं आहे ते सहीच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी मी देवघरात जपाला बसले होते. जप होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, उठत नाही. निम्मी माळ झाली असेल. खिडकीतून रस्ता दिसतो. बघते तर गिरजामाय चाललेली. डोक्यावर दोन घागरी, रिकाम्या, त्या चालीनं एकमेकींवर वाजत होत्या. रोज या वेळी शीला जायची.

मी माळ पिशवीत ठेवली आणि बाहेर आले.

“शीला बरी आहे ना?”

“बरी हाय. पण आता न्हाई पाठवायची तिला.” ती थांबली नव्हती, मी बरोबरीनं चालत होते. “झरा मी घालवला. तर मग पाणी मीच आणायला पायजे का न्हाई?”

सत्तरीची बाई. दोन कोस जाणं, दोन कोस येणं, भरल्या घागरीनं. काल तिनं जे केलं त्याची किंमत तिनं परस्पर स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि त्यात कुणाकडून काही मागणं नव्हतं, कुणाला सांगणंही नव्हतं. मी चौदा महिने एकवेळ जेवले ते गावासमोर हातात पाणी घेऊन सांगून.

“एक घागर मला द्या,” मी म्हणाले.

तिनं मला खालून वर बघितलं. “तुमच्यानं व्हईल?”

“माहीत नाही.”

“चुंबळ कशी करत्यात ते तरी माहीत हाय का?”

तेही मला माहीत नव्हतं. तिनं आपल्याजवळच्या फडक्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि वरची घागर दिली. रंगनाथच्या मळ्यात बाया रांगेत उभ्या होत्या. काल झालेलं सगळ्यांना कळलं होतं. काहींनी पाठ फिरवली, एकीनं मोटेच्या दगडाशी मला जागा करून दिली. येताना माझी मान थरथरत होती आणि पाणी पाठीवरून, पदरावरून सांडत होतं.

“मागं बघू नका,” गिरजामाय म्हणाली. “सांडलेलं पाणी काय वळून येत न्हाई. समोरच्या झाडाकडं बघा.”

मी झाडाकडं बघत चालले. तिच्या ओसरीवर घागर उतरवली तेव्हा ती निम्मी उरली होती. शीला रांजणाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, ओल्या पदराकडं बघितलं, आणि घागर घ्यावी की नाही या विचारात सासूकडं बघितलं. सरपंचबाईंनी डोक्यावरून आणलेलं पाणी. तिचा हात पुढं होत नव्हता.

गिरजामाय खाली बसून चपला काढत होती. तिनं वर न बघताच सांगितलं,

“घे गं ओतून. यांच्या हातचं चालतंय आपल्याला.”